आई कुठे आहे, असं विचारणाऱ्या साहेबांस

प्रति,
माननीय सीमा अधिकारी,
परदेशी पासपोर्टांची रांग,
ग्रेट ब्रिटन.



पत्रास कारण की, आपण आपलं काम फार चोख करता आणि चोख काम करणाऱ्याचं तोंडावर कौतुक करायची सोय आपल्या रांगेत नाही. मागे विमानभर माणसं ताटकळलेली असतात, पोरगी पेंगुळलेली असते, आणि काचेवर पाटी असते की कर्मचाऱ्यांशी केलेली अरेरावी खपवून घेतली जाणार नाही. म्हटलं, लेखीच कळवावं. मराठीत लिहितोय. गरज पडल्यास दुभाष्या मागवायचा अधिकार आपल्याला आहे, आणि हाती असलेला अधिकार आपण वापरल्यावाचून सोडत नाही हे मी पाहिलेलं आहे.

मी आपल्याला आठवणार नाही. साहजिक आहे, दिवसभरात किती चेहरे समोरून जात असतील. मी तो मिरजेचा माणूस, ज्याच्याबरोबर सहा वर्षांची मुलगी होती आणि बायको नव्हती. मुलीची एक वेणी कानाच्या वर आणि दुसरी कानाच्या खाली होती. ही खूण पुरेशी संशयास्पद असल्यामुळे कदाचित लक्षात राहिली असेल.

माझ्याकडे आपण आधी बघितलंच नाही. काउंटरवरून पुढे वाकलात, छान हसलात आणि तिला विचारलंत, "आणि मम्मी कुठे आहे तुझी?"

तिनं एका दमात सांगून टाकलं, "ती वारली. कागद बघायचाय? निळ्या फायलीत आहे." मग मला कोपरानं ढोसून, "बाबा, दे ना त्यांना."

तिला कागदांचा क्रम पाठ आहे, साहेब. आधी दोघांचे पासपोर्ट, मग तिचा जन्मदाखला, मग आमचा लग्नाचा दाखला, कारण तिच्या आईनं पासपोर्टवर माहेरचंच आडनाव ठेवलं होतं, आणि अगदी मागच्या प्लास्टिकच्या कप्प्यात तो. त्याला ती "शेवटचा" म्हणते.

आपला गोड आवाज तिच्यासाठी होता. माझ्याकडे वळताना तो बदलला. "याचा काही पुरावा?" असं आपण विचारलंत आणि मी शेवटचा काढून दिला.

इंग्लंडातला मृत्यूचा दाखला म्हणजे रजिस्टरातल्या नोंदीची प्रमाणित नक्कल. मी घेतला तेव्हा एका प्रतीला साडेबारा पौंड पडले. मृताचं नाव, बाई असेल तर लग्नाआधीचं आडनाव, जन्म कुठला, काम काय करत होती, आणि त्याखाली खबर देणाऱ्याचं नाव, पत्ता नि मृताशी असलेलं नातं. नात्याच्या जागी 'मृत स्त्रीचा विधुर' असं लिहिलंय. म्हणजे मीच तो. ती गेली, तिचं माहेरचं आडनाव हेच होतं आणि मी तिचा नवरा होतो, या तिन्ही गोष्टी त्या एका कागदात बसतात. तिथंच थांबला असतात तरी आपलं काम झालं होतं. पण आपलं बोट खाली सरकलं आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यावर टेकलं. ओठ हलवत आपण ते वाचलंत. मग कागद उजेडाकडे धरून वॉटरमार्क पाहिलात, आणि कागदाच्या पाठीमागून माझ्या मुलीचा चेहरा आपल्याला दिसत असावा, कारण ती टाचा उंचावून आपण काय बघताय ते बघत होती.

गैरसमज नको. प्रश्न विचारूच नका, असं माझं म्हणणं नाही. पोरं पळवली जातात. नवरा-बायकोचं बिनसतं आणि एक जण रातोरात मूल उचलून देश सोडतो. मुलांच्या हिताची काळजी घेणं हे २००९च्या कायद्याच्या ५५व्या कलमानं आपल्या खात्यावर बंधनच आहे. शिवाय पळवून नेलेलं मूल परत धाडण्यासाठी १९८०चा जो हेग करार आहे, त्यात ब्रिटन आहे आणि भारत नाही. मूल एकदा मुंबईला उतरलं की मागे राहिलेल्या आईला किंवा बापाला तुमच्या कोर्टाचा हुकूम कडेला ठेवून आमच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हा भारतीय बाप, हाताशी लहान मुलगी, आणि आईचा पत्ता नाही, एवढं दिसल्यावर आपले कान उभे राहिले यात वावगं काहीच नाही. कान उभे राहायलाच हवेत. एखाद्या आईचं मूल आपल्या अशाच एका प्रश्नानं वाचलं असेल, तर त्याबद्दल हात जोडून आभार.

एक शंका मात्र मनातून जात नाही. तुमच्या देशातून बाहेर पडताना पासपोर्ट तपासायला आपल्यासारखं कोणी बसलेलंच नसतं. विमान कंपनीची मुलगी पासपोर्ट मशीनवर फिरवते, २०१५पासून ती माहिती तुमच्या संगणकाला पोचते, आणि माणूस विमानात जाऊन बसतो. आता तुमचाच १९८४चा कायदा सांगतो की दुसऱ्या पालकाच्या संमतीवाचून सोळा वर्षांखालचं मूल देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. हा गुन्हा करायची वेळ जाताना असते. जाताना मला कोणी हटकलं नाही. मी तिला उघडपणे हेग कराराबाहेरच्या देशात नेलं, आजीच्या ताब्यात दिलं, महिनाभर पुरणपोळ्या खाऊ घातल्या आणि शाळा उघडायच्या आत परत घेऊन आलो. तेव्हा आपण विचारलंत, ही पळवलेली तर नाही? चोर घर फोडून जाताना दार सताड उघडं आणि ऐवज परत ठेवायला आला की त्याची झडती, असा हा बंदोबस्त आहे.

बाहेरून आणलेल्या मुलांचीही तस्करी होते, असं आपण म्हणाल. होते, आणि त्यासाठीही विचारायला हवं. पण माझ्या मुलीच्या बाबतीत आपल्याला विचारायची गरजच नव्हती, कारण उत्तर आपल्या खात्याकडे आधीपासून आहे. मी दिलेलं आहे. फी भरून दिलेलं आहे.

मुलीचा व्हिसा कुठल्या मुद्द्यावर झाला ते पडद्यावर दिसत नसेल तर सांगतो. तुमच्या नियमानुसार माझ्यासारख्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या मुलाला यायचं तर साधारणपणे आईबाप दोघांनाही तिथं राहायची परवानगी हवी. एकाचीच असेल तर मुलाची सगळी जबाबदारी त्या एकट्यावर आहे हे दाखवा, नाहीतर तो एकटाच हयात आहे हे दाखवा. आम्ही या शेवटच्या दारानं आलो. हाच दाखला, दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन केलेला. तुमच्या खात्यातल्या कोणीतरी तो वाचला, खरा मानला, आणि 'हयात असलेला एकमेव पालक' या सदरात मला बसवून व्हिसा दिला. आता तर प्लास्टिकची कार्डंही गेली. २०२४ संपताना ती मोडीत काढून तुम्ही सगळं ऑनलाइन केलंत. माझा चेहरा, बोटांचे ठसे, कुठं नोकरी करतो, किती तारखेपर्यंत राहू शकतो, हे सगळं त्या ऑनलाइन खात्यात आहे. पण हिची आई वारली आहे ही एक ओळ त्या सगळ्या कारभारात कुठं मावली नाही. ती दर खेपेला माझ्या मुलीनं स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवायची.

गंमत अशी की तुमच्या देशाला हे कसं करतात ते उत्तम जमतं. मृत्यूची नोंद करायला गेलो तेव्हा रजिस्ट्रारबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि 'टेल अस वन्स' नावाच्या सरकारी सेवेचा एक क्रमांक लिहून दिला. एकदाच सांगा, बाकीच्यांना आम्ही सांगतो, अशी ती सेवा. आणि खरंच सांगतात, साहेब. कराच्या खात्याला कळलं, पेन्शन-भत्त्यांच्या खात्याला कळलं, ड्रायव्हिंग लायसन्स रद्द झालं, कौन्सिल टॅक्सची पत्रं माझ्या एकट्याच्या नावानं यायला लागली. तुमच्या पासपोर्ट कार्यालयालाही ही सेवा कळवते, म्हणजे गेलेल्या माणसाचा ब्रिटिश पासपोर्ट रद्द व्हावा. भारतीय पासपोर्टवाली बाई त्यांच्या हिशेबात धरलेलीच नाही. मेल्यावरसुद्धा रांग वेगळीच.

तरी खात्याला कळलं नव्हतं असं समजू नका. कळलं होतं, आणि फार लवकर कळलं होतं.

बायको नर्स होती. मिरजेत शिकली, दहा वर्षं सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत रात्रपाळ्या केल्या, मग इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि तिकडे पोचल्यावर ती ऑस्की नावाची परीक्षा, ज्यात प्लास्टिकच्या रोग्याला "गुड मॉर्निंग, मी तुमची नर्स" असं म्हणावं लागतं आणि म्हटलं नाही तर गुण जातात. एवढं करून ती बँड फाइव्हच्या पगारश्रेणीत लागली. व्हिसा तिचा आणि आम्ही दोघं तिच्या पदराला बांधलेले. माझ्या नातेवाइकांना हे फार खुपायचं, नवरा बायकोच्या व्हिसावर! मला नाही खुपलं. कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसीवर उभं राहून जितकं मिळायचं त्यापेक्षा तिकडे गोदामात खोकी उचलून बरं मिळत होतं आणि संध्याकाळी मुलीला शाळेतून आणायला मी मोकळा असायचो.

ती मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली. ड्यूटीवरून घरी आली आणि दोन दिवसांत संपलं. त्यावर अधिक लिहीत नाही, आपण तो रकाना वाचलेलाच आहे.

नियम असा की स्पॉन्सर केलेला कर्मचारी कामावर यायचा बंद झाला की मालकानं कामाच्या दहा दिवसांत खात्याला कळवायचं. मुख्य व्हिसाच राहिला नाही तर तिच्या पदरचे लोक कसल्या आधारावर राहणार? अशा वेळी खातं साधारण ६० दिवसांची मुदत देतं: दुसरा व्हिसा शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. त्याच सुमारास, एप्रिल २०२४मध्ये, तुमच्या सरकारनं कामाच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० केला होता. म्हणजे मुलीला आई का येत नाही हे समजवायचं, तेराव्याचं फोनवरून उरकायचं आणि जोडीला अडतीस हजार सातशे देणारा मालक शोधायचा. कुपवाडची सीएनसी कामी आली. एक कारखानदार भेटला, त्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि कागदांवर सही केली. त्याचं भलं होवो.

पण साहेब, आपल्या खात्याच्या स्मरणशक्तीचं मला राहून राहून नवल वाटतं. आम्हाला घालवायचं होतं तेव्हा ती मेलेली आहे हे खात्याला तारीखवार माहीत होतं. आम्हाला आत घ्यायचं असतं तेव्हा ती कुठे आहे, असं विचारावं लागतं.

तिचंही जरा चुकलंच म्हणा. जायचंच होतं तर कोविडनं जायला हवं होतं. २०२०मध्ये कोविडनं दगावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना तुमच्या सरकारनं कायमचं राहायची परवानगी दिली, तीही फुकट. सुरुवातीला ती डॉक्टर, नर्स अशा ठरावीक पेशांपुरतीच होती. वॉर्ड झाडणारे, स्ट्रेचर ढकलणारे, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करणारे यांच्या बायकापोरांनी मात्र सामान बांधायचं होतं. मग ओरड झाली आणि मे २०२०मध्ये त्यांनाही सामील करून घेतलं. माझी बायको नंतर आली, नर्सांसाठी टाळ्या वाजवून झाल्यावर. तिचा वॉर्ड तोच, रोगी तेच, फक्त मरण यादीबाहेरचं.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे, असा दावा मी करणार नाही. मिरजेच्या एका बँकेत तिचं जुनं पगाराचं खातं होतं. तिथल्या साहेबांनी तुमचा दाखला उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, याच्यावर गोल शिक्का नाही. मग तो दाखला तुमच्या मिल्टन कीन्सच्या कार्यालयात पाठवून अपोस्टिलचा शिक्का मारून आणला. तर म्हणाले, आता कोर्टातून वारस दाखला आणा. हा वारस दाखला महाराष्ट्रात आजही १८२७च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. १८२७! तुमच्याच गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकिर्दीतला हा कायदा. आम्ही मुंबईत त्यांच्या पुतण्याच्या, लॉर्ड एल्फिन्स्टनच्या नावाचं स्टेशन २०१८मध्ये बदलून प्रभादेवी केलं, पण रेग्युलेशनला कोणी हात लावला नाही. वकील म्हणाले, पेपरात जाहीर नोटीस द्या, कोणाची हरकत आहे का बघू. दिली. माझ्या बायकोची वारस तिची मुलगी आहे यावर अखिल सांगली जिल्ह्यात कोणाची हरकत निघाली नाही. तेव्हा कागद मागण्यात आपण एकटे नाही. पण बँकेच्या साहेबांनी कागद माझ्याकडे मागितले. मुलीकडे मागितले नाहीत.

आणखी एक सांगायचं राहतंय. तिच्या अस्थी मी कृष्णेला नेल्या. नेण्यासाठी काय काय लागतं ते आपल्याला ठाऊक असेलच: दाखला, दहनाचं प्रमाणपत्र, भारतीय उच्चायुक्तालयाचं पत्र, तिचा रद्द केलेला पासपोर्ट. सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, तांब्याच्या कलशात आण. अंत्यविधीवाल्यानं समजावलं, तांब्यातून स्कॅनरला काही दिसत नाही, सुरक्षा तपासणीत अडवतील, आणि प्लास्टिकचा एक डबा दिला, मातकट रंगाचा, झाकण फिरवायचं. बॅगा तपासायच्या पट्ट्याशी तुमच्याकडचाच एक पोरगा उभा होता, दंडावर गोंदलेलं, कानात डूल. मी ट्रेमध्ये डबा ठेवला आणि कागद पुढे केले. त्यानं वरचा कागद वाचला, बाकीचे माझ्या हातात परत दिले. मग बूट आणि पट्टे पडले होते त्या ट्रेमधून डबा काढून एका रिकाम्या ट्रेमध्ये ठेवला, आणि पलीकडून येईपर्यंत पट्ट्याबरोबर चालत गेला. मुलीला काही विचारलं नाही. त्याचा पगार आपल्यापेक्षा बराच कमी असणार.

आजीला घेऊन का येत नाही, असंही जाता जाता आपण विचारलं होतंत. आपुलकीनं विचारलंत असं धरून चालतो. ती पाहुणी म्हणून आली तर एका वेळी सहा महिने. कायमची आणायची तर आधी मी तिथला कायमचा रहिवासी हवा. तो झालो तरी २०१२पासूनचा नियम असा की म्हाताऱ्या माणसाला रोजचं अंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः करता येत नसलं पाहिजे, आणि ते करून देणारं त्याच्या देशात पैसे टाकूनही कोणी मिळत नसलं पाहिजे. आमच्या मातोश्री पहाटे साडेपाचला उठून अंगणात सडा घालतात. सपशेल नापास. नातीला सांभाळता येईल एवढी आजी धडधाकट असेल तर तिला यायचं नाही आणि येता येईल एवढी ती खचली तर नातीनं तिला सांभाळायचं, हे ज्यानं लिहिलं त्याला माझा नमस्कार कळवा.

तर मागणं अगदी किरकोळ आहे. प्रश्न विचारत राहा. पण मला विचारा, काउंटरच्या या बाजूला मी उंचीला पुरेसा आहे आणि मला इंग्रजी येतं. दाखला हवाच असेल तर जरूर बघा, आणि बघून झाला की त्या संगणकात टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी आपल्या जागी जो बसेल त्याला तिच्यापुढे वाकायचे कष्ट पडणार नाहीत. खात्यात तसा रकाना नसेल तर मी सुचवतो: आई, आणि पुढे एक तारीख. दोन-तीन इंच जागा लागेल. तेवढी जागा कुठून काढायची असा प्रश्न वरून आला, तर माझा घराचा पत्ता पाच वर्षांत चार वेळा जिथे भरून घेतलाय, तिथून काढता येईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पुन्हा आपल्याच रांगेत असू. मुलीचा एक दात पडलाय, त्यामुळे पासपोर्टवरच्या फोटोशी चेहरा तंतोतंत जुळणार नाही. त्याचाही पुरावा फायलीत ठेवू का, एवढं तेवढं कळवा.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, नोंद असावी.

आपला,
निळ्या फायलीवाला